बुवा, तुमच्या बारीत मी मधेच बोलले

तुमच्याविरुद्ध छापलेलं पत्रक कुणी तुमच्या हातात ठेवलं, तर ते तुम्ही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाल का? आणि वाचून झाल्यावर लिहिणारीला घरी बोलावून चहा द्याल का? वाचकहो, घाईने हो म्हणू नका. आजवर लिहिलेल्या पत्रकांवरून मला एवढं कळलंय की ज्याच्याविरुद्ध लिहिलंय तो पहिली ओळ वाचतो आणि लगेच लिहिणाऱ्याची जात, पक्ष आणि बाप विचारतो.

बुवा, तुम्ही विचारलंत, "किती छापलंस?"

मी म्हणाले, दोनशे.

"कमी छापलंस गो. वसाहतीत चारशे घरां आसत. अर्ध्यांका नुसता ऐकीव कळतला."

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. बाराव्याला कमिटीने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. वसाहतीत त्याचीही चर्चा झाली; माईक हातात असताना ही गप्प बसली, असं पहिल्यांदाच घडलं म्हणे. तुमचं गाव कुठलं, नोकरी किती वर्षं केली, मागे कोण कोण आहे, हे सगळं देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. मला त्या खोलीबद्दल बोलायचंय, सायलीबद्दल बोलायचंय, आणि आपलं जे भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात त्याबद्दल.

दिंडोशीच्या आमच्या वसाहतीतल्या गणपतीच्या देवळामागची ती खोली. दोन खिडक्या, एक लांब सतरंजी, भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची टेबलं. आठवडाभर तिथे मुलं-मुली अभ्यासाला बसत. गुरुवारी संध्याकाळी टेबलं मिटायची आणि भजनाचा सराव व्हायचा. तुमचा नियम एकच होता. जो खोलीत अभ्यासाला बसेल, त्याने गुरुवारी तासभर झांज धरायची.

मी सोळा वर्षांची होते. आमच्या घराच्या माळ्यावर पप्पांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते आणि माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं होती. इतिहासाची वही ‘कामगार बंधूंनो' अशी सुरू व्हायची. अशा घरातून आलेल्या मुलीने दारात उभं राहून तुम्हाला सुनावलं होतं की मी देव मानत नाही, झांज वाजवणार नाही, आणि अभ्यासाच्या जागेला धर्माची अट घालणं हा अन्याय आहे. तुम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "देव मानू नको. ताल मान."

 मी सतरंजीवर बसले. पहिल्याच दिवशी गजर सुरू व्हायच्या आधी माझी झांज वाजली आणि पोरं खिदळली. तुम्ही हात वर करून त्यांना गप्प केलंत आणि मला म्हणालात, थांब, तुझी जागा येतली. ती जागा यायला मला तीन गुरुवार लागले.

तुम्हाला हसू येईल, पण हे वाचणाऱ्यांपैकी काहींना डबलबारी काय असते ते सांगायला हवं. कोकणातून मुंबईत आलेल्या आमच्या लोकांमध्ये दोन भजनी बुवांचा सामना होतो. दोघे आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाची बारी चालू असते तेव्हा तो दुसऱ्याला गाण्यातून टोमणे मारतो, कोडी घालतो, त्याच्या आवाजाची, पोटाची, गावाची टर उडवतो. दुसऱ्याने शेवटपर्यंत ऐकायचं. मधे बोलायचं नाही. आपली बारी आली की मग हवं ते उत्तर द्यायचं. मधेच तोंड उघडणारा बुवा कितीही गोड गळ्याचा असो, तो त्या दिवसापुरता हरला.

तुम्ही देवाशीही असंच वागायचात. आपल्या बारीत जे करायचं ते सगळं करायचं, मग गप्प बसायचं आणि त्याला त्याची बारी घेऊ द्यायची. मला हे ऐकून संताप यायचा. मी म्हणायचे, बुवा, तुमचा देव त्याच्या बारीत फार वेळ घेतो. तोवर इथे माणसाचं वाटोळं होतं. तुम्ही म्हणायचात, पेटीचा भाता ओढ, बोल कमी.

सायली परब सात नंबरच्या इमारतीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीला बऱ्यापैकी मार्क, बारावीला गणितात नापास. पुन्हा बसली, पुन्हा नापास. ती मूर्ख नव्हती. तिला प्रश्न दिसला की घाम फुटायचा, पेन हातातून घसरायचं. तिचे बाबा, परबकाका, रिक्षा चालवायचे. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी स्थळ पाहिलं. मुलगा गावाकडचा, गोव्यात हॉटेलात कामाला. मे महिन्यात लग्न करायचं, बस झालं शिक्षण. सायली खोलीत येऊन माझ्या शेजारी बसली आणि रडली नाही, टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. तिला लॅबमध्ये काम करायचं होतं. शाळेच्या सहलीत एकदा तिने सूक्ष्मदर्शकातून रक्ताचा थेंब पाहिला होता आणि तेव्हापासून तिचं ते ठरलं होतं.

मी तुमच्याकडे धावत आले. म्हटलं, बुवा, काहीतरी करा. तुम्ही म्हणालात, करतंय. आणि रविवारी सकाळी तुम्ही परबकाकांच्या घरी गेलात. मी जिन्यात थांबले होते. तुम्ही तासाभराने बाहेर आलात. मी विचारलं, काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, त्यांच्या आंब्याच्या कलमांना यंदा मोहोर कमी आहे. सायलीचं? सायलीचं काही बोलणं झालं नाही.

पुढच्या रविवारी परत गेलात. विषय निघाला रिक्षाच्या मीटरचा. त्याच्या पुढच्या रविवारी गावच्या जत्रेचा. मी वेडी व्हायची बाकी होते. तिकडे लग्नाची बोलणी चालली होती आणि तुम्ही दर रविवारी जाऊन चहा पिऊन येत होतात. मी म्हणाले, तुम्हाला त्यांच्याशी वाईटपणा घ्यायचा नाहीये, एवढंच आहे. हे भित्रेपण आहे आणि त्याला तुम्ही देवावरचा विश्वास म्हणता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "माका घाई नाय असा तुका वाटता?" एवढंच. मला तेव्हा तो प्रश्न कळला नाही. मला वाटलं तुम्ही टाळताय.

मी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, ‘भजनाने मुलींची लग्नं थांबत नाहीत'. तुम्हाला पाठ होतं ते, म्हणून सगळं लिहीत नाही. देवळाची खोली चालवणारे वयोवृद्ध बुवा एका मुलीचं भविष्य बुडताना बघत टाळ कुटत बसले आहेत, असं तिसऱ्या ओळीत होतं. त्याखाली होतं की सात नंबरमधला एक रिक्षावाला बाप, मूळ कणकवलीकडचा, दोनदा नापास झालेल्या मुलीला ओझ्यासारखी खाली उतरवायला निघाला आहे. मी नाव लिहिलं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता. तत्त्व म्हणजे तत्त्व, व्यक्तीवर हल्ला नाही, व्यवस्थेवर. दिंडोशी कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, वकिलांच्या रांगेत उभं राहून मी दोनशे प्रती काढल्या, आणि देवळाच्या सत्यनारायणाच्या दिवशी, डबलबारी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवली.

सात नंबरमध्ये कणकवलीकडचा रिक्षावाला एकच होता.

हे शहरातल्या मोठ्या चौकात चाललं असतं. आमच्या वसाहतीत इमारत, गाव आणि धंदा एवढं सांगितलं की नावाची गरजच उरत नाही. माझ्यासारख्या इथेच वाढलेल्या मुलीला हे कळायला हवं होतं. मला कळलं ते परबकाका तिसऱ्या रांगेतून उठून गेले तेव्हा. त्यांनी पत्रकाची घडी केली, खिशात ठेवली, आणि बायकोला डोळ्यानेच चल म्हणाले.

पुढे जे झालं त्याला जबाबदार मी. पण त्या संध्याकाळी तुम्ही जे केलंत, ते मी रोज कुणा ना कुणाला सांगते.

समोरचे बुवा कुडाळकडचे होते. जिभेचे तिखट. त्यांच्या हातात आयतंच पत्रक पडलं. त्यांनी आपल्या बारीत ते माईकवर वाचलं, चालीवर वाचलं. "टाळ कुटत बसले आहेत" या ओळीवर तर त्यांनी कोरस धरायला लावला. मांडवात हशा. कुणी शिट्टी वाजवली. तुम्ही समोर मांडी घालून बसला होतात, हात गुडघ्यांवर, आणि त्यांच्या ठेक्यावर तुमची मान हलत होती. खोटं वाटेल, पण तुम्ही दाद देत होतात. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिखाण एवढ्या लोकांनी ऐकलं, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

मग तुमची बारी आली. सगळे सावरून बसले. आता बुवा काय उत्तर देतात? पोरीला झोडतात की समोरच्या बुवाला? तुम्ही पेटी बाजूला सारलीत. उभे राहिलात. हात जोडलेत आणि गाऱ्हाणं घातलंत. गावाला देवापुढे घालतात तसं, खणखणीत.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज एका लेकरान माका जाब विचारल्यान. तेचा विचारणा बरोबर असा."

 मग सवयीने कुठूनतरी आलं, व्हय म्हाराजा.

"ज्या घराचा मन दुखावला, त्या घराक तू सांभाळ. ज्या चेडवाची वाट अडली, तिची वाट तू मोकळी कर."

व्हय म्हाराजा. आता सगळे म्हणत होते.

"आणि जिना लिवल्यान, तिचो हात थरथरू देऊ नको म्हाराजा."

व्हय म्हाराजा, असं अख्खा मांडव म्हणाला. पप्पाही म्हणाले. माझे पप्पा, ज्यांनी घरात कधी उदबत्ती लावू दिली नाही. मी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहाला बोलावलंत आणि विचारलंत, किती छापलंस. तुमच्या घरच्या काकींनी बशीत खारी ठेवली. मी माफी मागेन म्हणून आले होते. तुम्ही पत्रकातली एकेक ओळ घेऊन बोलत राहिलात, ही चांगली, ही जोरदार, ही मात्र एका माणसाला लागली. तुमच्यावरच्या ओळीबद्दल काही बोलला नाहीत. मी खारी खाल्ली, चहा प्यायले, आणि माफी न मागता परत आले. आमच्या घरात निषेधाची भाषा होती, मागणीची होती. माफीची भाषा कुणी वापरलेली मी ऐकली नव्हती.

परबकाकांनी सायलीचं खोलीत येणं बंद केलं. पुस्तकं माळ्यावर गेली. लग्नाची बोलणी थांबण्याऐवजी जोरात पुढे सरकली, कारण आता इज्जतीचा प्रश्न होता. माझ्या पत्रकाने लग्न थांबलं तर नाहीच, उलट एप्रिलवर आलं. तुम्ही मात्र पुढच्या रविवारीही सात नंबरला गेलात. दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलात. दार उघडलं, चहा मिळाला नाही. तिसऱ्या रविवारी चहा मिळाला. मला हे सायलीने कितीतरी नंतर सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

आणि मग मार्चमध्ये मुलाकडचे आजोबा वारले. घरात मृत्यू झाला, आता वर्षभर लग्नकार्य नाही, असा निरोप आला. वसाहतीत ही बातमी मीच तुम्हाला आणून दिली. तुम्ही देवळाच्या पायरीवर बसला होतात. वर बघून हात जोडलेत. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बुवा, एका पोरीचं शिक्षण व्हावं म्हणून तुमच्या देवाने एका म्हाताऱ्याला उचललं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

"म्हातारो ब्याण्णव वर्षांचो होतो गो."

मी हसले नाही. म्हणाले, हा योगायोग आहे. तुम्ही म्हणालात, असांदे, योगायोग म्हण. मी सोडलं नाही. विचारलं, आजोबा गेले नसते तर? एप्रिलमध्ये लग्न झालं असतं, सायली गोव्याला गेली असती, आणि तुम्ही तुमच्या रविवारच्या चहांचं काय केलं असतं?  समोर मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू तुमच्या पायाशी आला, तुम्ही तो परत टाकलात. मग म्हणालात, "माका ठावक नाय."

बुवा, देवावर विश्वास असलेले खूप लोक मी पाहिलेत. त्यांना सगळं ठाऊक असतं. पोर का मेलं, नोकरी का गेली, घर का पडलं, सगळ्याचं कारण त्यांच्या खिशात तयार असतं. मी त्यांच्याविरुद्ध लिहीत आले आणि लिहीत राहीन. तुम्ही मला भेटलेले पहिले भक्त, ज्यांनी मला ठाऊक नाही म्हटलं आणि तरी पुढच्या रविवारी चप्पल घातली. माझ्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा तोच ठरला आणि तुम्ही तो कधी वापरला नाहीत.

ते महिने असेच गेले. जूनमध्ये, की जुलै लागला होता, परबकाकांनी चहा पिता पिता तुम्हाला विचारलं की तुमच्या खोलीत गणित कोण शिकवतं. तुम्ही म्हणालात, कोण कोण येतं. काका म्हणाले, पोरीला पाठवतो, पण माझी अट आहे. जिने पत्रक काढलं, तिने रोज हिच्याशेजारी बसायचं. घरची इज्जत चव्हाट्यावर मांडायला वेळ होता, तर गणिताला पण वेळ काढू दे.

ही अट तुम्ही मला सांगितलीत तेव्हा तुमच्या मिशीखाली हसू होतं. मी कला शाखेची. मला स्वतःला गणिताचा राग. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. वर्षभर मी संध्याकाळचे दोन तास सायलीच्या शेजारी बसले. आधी मी शिकायचे, मग तिला सांगायचे. मी चुकले की ती मला दुरुस्त करायची, आणि त्यातून तिची भीती गेली. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. माझं गणित इतकं कच्चं होतं की तिला पक्कं होण्यावाचून इलाज नव्हता.

तिसऱ्यांदा ती तीन मार्कांनी नापास झाली.

मी त्या दिवशी खोलीत गेलेच नाही. तुम्ही सायलीच्या घरी जत्रेत मिळतं तसल्या गोड खाज्याचा पुडा घेऊन गेलात. काकू म्हणाल्या, बुवा, पोरगी नापास झालीय. तुम्ही म्हणालात, माहितीय, मागच्या वेळी एकवीसने झाली होती. आणि पुडा फोडून पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवलात. वसाहतीत पास झालेल्यांच्या घरी पेढे खायला सगळे जातात. नापास मुलीच्या घरी गोड घेऊन जाणारा माणूस मी एकच पाहिला, आणि आता तो नाही.

आजोबांचं वर्ष कधीच सरलं होतं; निकालानंतर मुलाकडचे लोक परत आले. तारीख काढा म्हणाले. मी गॅलरीतून बघत होते, चार माणसं सात नंबरच्या जिन्यात शिरली. यावेळी मी पत्रक लिहिलं नाही. तुमच्याकडे आले. तुम्ही पखवाज पुसत होतात आणि तुमचा हात थांबत होता, पुन्हा चालत होता. तुम्हालाही घाई होती, बुवा. तेव्हा मला तुमचा तो जुना प्रश्न कळला. माका घाई नाय असा तुका वाटता? तुमची घाई माझ्याइतकीच होती. तुम्ही ती दर रविवारी सोबत घेऊन जिना चढत होतात आणि चहाच्या कपाखाली दाबून ठेवत होतात. तुम्ही मला खोलीत झांजेशी बसवलंत आणि म्हणालात, आपला झाला ता झाला, आता तेची बारी, मधी बोलू नये. आपण दोघं तासभर गप्प बसलो. मी त्या तासात देवाला काही म्हटलं नाही. पण मधे बोलले नाही.

परबांच्या घरात काय झालं ते मला सायलीने सांगितलं. मुलाकडच्यांनी तारखेचा आग्रह धरला. परबकाका म्हणाले, पोरीची अजून एक परीक्षा आहे, ती झाली की बघू. ते म्हणाले, तीनदा नापास झालेल्या पोरीची कसली परीक्षा? तेव्हा काका म्हणाले:

"दीड वर्ष एक म्हातारा दर रविवारी माझ्या घरी येऊन बसतो. एकदा पण त्याने मला घाई केली नाही. मी माझ्या पोरीला घाई करू?"

स्थळ मोडलं. सायली चौथ्या वेळी पास झाली. आज ती मालाडच्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासते आणि संध्याकाळी तुमच्या खोलीत बारावीच्या पोरांना गणित शिकवते. माझ्यापेक्षा खूप चांगलं. मला तिचा इतका अभिमान आहे की तिच्या लॅबच्या ओळखपत्राचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, आणि तिला हे माहीत नाही.

आता आपलं भांडण. बुवा, माझं म्हणणं अजून तेच आहे. एका सायलीमागे दहा सायल्या आहेत, ज्यांच्या होणाऱ्या नवऱ्याचे आजोबा वेळेवर मरत नाहीत. त्यांच्यासाठी कायदा हवा, मोर्चा हवा, पत्रक हवं, आणि जोरात हवं. तुम्ही याला कधी नाही म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणायचात, लिही की, पण लिवलंस त्या घरात मगे चाय पियाक जा. मी म्हणायचे, मी लेखिका आहे, घरोघर जाणारी एजंट नाही. इथे येऊन ते थांबलं. मागच्या महिन्यात मी उत्तर तयार केलं होतं, चांगलं खणखणीत. तुम्हाला बरं वाटलं की सांगेन म्हणून ठेवलं. ते उत्तर आता कुणाला ऐकवू? आणि खरं सांगायचं तर ते तितकं चांगलंही नव्हतं.

बाराव्याच्या दिवशी परबकाका माझ्याशेजारी येऊन बसले. पत्रकानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत आले होते. ते म्हणाले, मी एकदा बुवांना विचारलं होतं, जी तुमच्यावर असलं लिहिते तिला तुम्ही खोलीत कशी बसू देता? बुवा म्हणाले, "आग असा ती. तिका पाणी नको, चूल होयी." काकांनी मला हे सांगितलं आणि नाक शिंकरायला उठून गेले. त्यानंतर मला माईकवर बोलावलं, बुवा. म्हणून मी बोलू शकले नाही. लोकांना वाटलं मला दुःख झालंय. दुःख होतंच. पण त्या क्षणी छाती अभिमानाने इतकी भरली होती की आवाजाला जागा नव्हती. तुमच्याबद्दल अभिमान, आणि लाज सोडून सांगते, माझ्याबद्दलही, की तुमच्यासारख्या माणसाने मला विझवलं नाही.

माफी अजून राहिलीच आहे. ती इथे मागते, छापून, म्हणजे अर्ध्यांना ऐकीव कळायला नको. तुम्ही टाळ कुटत बसला नव्हतात. ती ओळ खोटी होती. परबकाकांबद्दलची ओळही मी त्यांच्यासमोर बसून परत घेतली. ते म्हणाले, बरं.

मागच्या रविवारी सकाळी सायली माझ्या दारात आली. लॅबला सुट्टी, डोक्यावर तेल, हातात पिशवी. म्हणाली, चल, चार नंबरला जायचंय. चार नंबरमधल्या एका घरी तुम्ही आजारी पडायच्या आधी तीन रविवार जाऊन आला होतात. तिथला तन्मय पॉलिटेक्निक सोडून घरात बसलाय, कुणाशी बोलत नाही. त्याच्या आईने दार उघडलं आणि आमच्या मागे तुम्ही आहात का ते पाहिलं. मग तिला आठवलं. तिने डोळे पुसले आणि चहा टाकला.

तन्मय आतल्या खोलीत होता. दार अर्धवट उघडं. मला त्याच्याशी बोलायचं होतं. माझ्याकडे त्याच्यासाठी चार मुद्दे होते, क्रमाने. मी पहिल्यासाठी तोंड उघडलं आणि सायलीने टेबलाखाली माझ्या पायावर टाच दाबली. अशी की अजून निळं आहे. मग ती त्याच्या आईशी कुळथाच्या पिठीबद्दल बोलत बसली, तासभर. निघताना आतल्या दाराची फट होती त्याहून थोडी मोठी झालेली होती. की मला तसं वाटलं. ठाऊक नाही.

जिन्यात मी सायलीवर चिडले. म्हटलं, एका तासात एक तरी मुद्दा मांडू द्यायचा होतास. ती म्हणाली, तुला पिठी करता येत नाही हे आज तिथे सगळ्यांना कळलं, एवढं पुरे.

हे वाचणाऱ्यांना आता माझी एक मागणी आहे. पत्रकाच्या शेवटी मागणी लिहायची असते, हे मी लहानपणीच शिकले. वर्गणी नको, सही नको, मोर्चाला येणंही नको. तुमच्या इमारतीत, तुमच्या जिन्यावर, एक घर असं आहे जिथे एक तरुण मुलगा किंवा मुलगी अडकून बसली आहे. ते घर कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. या रविवारी तिथली बेल वाजवा. चहा दिला तर घ्या, नाही दिला तर पाणी मागा. निकाल विचारू नका, सल्ला देऊ नका, तुमच्या मुलांची उदाहरणं देऊ नका. तासभर बसा आणि या.

पुढच्या रविवारी परत जा.